सहा हजार पट मोठे केले, पण दिसले किती?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वंध्यत्वावरील आधुनिक उपचारांविषयी पानभर मजकूर प्रसिद्ध झाला आहे. ‘शुक्राणू सहा हजार पट मोठा करून, त्याची अंतर्गत रचना पाहून, सर्वांत निरोगी शुक्राणू निवडला जातो’ असे त्यात ठळक अक्षरांत छापले असून शेजारी गडद निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी, गुळगुळीत डोक्यांच्या शुक्राणूंचे मोठे रंगीत चित्र दिले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातील प्रयोगशाळांमध्ये ३१ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले, आणि त्या काळात वीर्यतपासणीच्या काचपट्ट्या किती पाहिल्या याचा हिशेब माझ्यापाशी नाही. आमच्या शेजारच्या वाडीतील एका दांपत्याने हा मजकूर वाचून मुंबईस जाण्यासाठी आंब्याच्या हंगामाचे पैसे बाजूला काढले आहेत असे कळले, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले.

प्रथम त्या चित्राविषयी. ते प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र नव्हे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे आहे, हे या कामात वावरलेल्या कोणालाही पाहताक्षणी कळेल. त्या यंत्रात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. त्यासाठी पेशी आधी रसायनांनी स्थिर करतात, पूर्ण वाळवतात, तिच्यावर बहुधा सोन्यासारख्या धातूचा पातळ थर चढवतात आणि मग तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवतात. हाती येणारे चित्र कृष्णधवल असते, निळा आणि सोनेरी रंग नंतर संगणकावर भरलेले असतात. म्हणजे पुरवणीतला शुक्राणू मेलेला, वाळलेला आणि मुलामा दिलेला आहे, आणि त्याचा केवळ पृष्ठभाग दिसतो आहे. अंतर्गत रचनेचा त्यात मागमूसही नाही. मजकूर मात्र जिवंत शुक्राणू निवडून स्त्रीबीजात सोडण्याविषयीचा आहे.

जिवंत शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो हे सांगण्यापूर्वी त्याची मापे द्यावी लागतील. माणसाचा शुक्राणू टोकापासून टोकापर्यंत साधारण ५० ते ५५ मायक्रोमीटर लांब असतो. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी बहुधा याहून अधिकच भरेल. त्यातले डोके जेमतेम ४ ते ५ मायक्रोमीटर लांब आणि ३ मायक्रोमीटरच्या आसपास रुंद, आकाराने लंबगोल. डोक्याचा पुढचा ४० ते ७० टक्के भाग अ‍ॅक्रोसोम नावाच्या टोपीने झाकलेला असतो आणि स्त्रीबीजाचे आवरण भेदण्यास लागणारी विकरे तिच्यात साठवलेली असतात. डोक्यामागे साधारण डोक्याएवढ्याच लांबीचा मध्यभाग, त्याच्याभोवती सुंभाचा पीळ गुंडाळावा तशा ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, आणि त्यापुढे सुमारे ४५ मायक्रोमीटरची शेपटी. पॅपनिकोलाउ पद्धतीने काचपट्टी रंगवली आणि १०० पटीच्या वस्तुभिंगाखाली (नमुन्याकडचे भिंग) तेलाचा थेंब ठेवून पाहिले, तर टोपीचा भाग फिकट निळा आणि तिच्यामागचा गडद निळा दिसतो. मध्यभागावर कधी तांबूस झाक येते, आणि पेशीरसाचा नको असलेला गोळा मानेशी चिकटून राहिला असेल तर तो गुलाबी उठतो. नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचे भिंग, १० पटीची असते, म्हणजे हे सारे १,००० पटीतच दिसते.

मग सहा हजार पटीत सहापट अधिक दिसेल, असे कोणासही वाटेल. घोटाळा नेमका येथेच आहे. वस्तू मोठी करून दाखवणे याला विशालन म्हणतात. परस्परांजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येणे ही विभेदनक्षमता, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. मांडवीच्या जेटीवरून दूरवरच्या होडीचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि पडद्यावर दोन बोटांनी ताणत जावे. होडी मोठी होत जाते, पण तिच्यावर रंगवलेला नोंदणी क्रमांक काही वाचता येत नाही. प्रकाशाच्या बाबतीत ही मर्यादा भिंग किती महाग आहे यावर नव्हे, तर प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते यावर ठरते. अर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये तिचे गणित मांडले. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली आणि भिंगाचा संख्यात्मक छिद्रांक, म्हणजे त्या कोनाचे माप, १.४ असला, जो उत्तम तेलभिंगाचा असतो, तर सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू एकच दिसतात. आमच्या जिल्ह्यातील साध्या प्रयोगशाळांत १.२५ छिद्रांकाचे तेलभिंग असते, त्याची मर्यादा २२० नॅनोमीटर येते. ‘सहा हजार पट’ आणि आमचे ‘हजार पट’ यांतला खरा फरक या २०-२५ नॅनोमीटरांचा. तेलाऐवजी कोरडे ४० पटीचे भिंग वापरले तर मात्र मर्यादा एकदम ४२० नॅनोमीटरच्या पुढे जाते, आणि शुक्राणूंची ठेवण त्यावर ठरवणे म्हणजे चाळशीशिवाय सुईत दोरा ओवणे होय.

याचा प्रत्यक्ष अर्थ पाहावा. सहा हजार पटीत साडेचार मायक्रोमीटरचे डोके पडद्यावर २७ मिलीमीटरचे, म्हणजे चांगल्या टपोऱ्या जांभळाएवढे होते, आणि संपूर्ण शुक्राणू शाळेच्या फूटपट्टीहून लांब भरतो. पण २०० नॅनोमीटरची मर्यादाही तितक्याच पटीने मोठी होऊन सव्वा मिलीमीटरची होते, आणि त्याहून बारीक जे काही असेल ते त्या धूसर पट्ट्यात विरघळते. शेपटीच्या गाभ्यात सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्यांचे कडे आणि मध्ये दोन सुट्या नलिका असतात. शुक्राणू पोहतो तो त्या जोड्या एकमेकींवर सरकण्याने. पण हा सबंध गाभाच सुमारे २०० नॅनोमीटर जाडीचा आहे आणि एक नलिका २५ नॅनोमीटरची. म्हणून साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात, पट कितीही वाढवले तरी, नऊ अधिक दोन ही सगळी मांडणी एकाच रेषेत मावते. ‘अंतर्गत रचना पाहून’ या शब्दांत वाचकाला हे सर्व दिसत असल्याचे सुचवले जाते, ते खरे नाही.

भिंगाने न दिसणारे कल्पनेने भरून काढण्याची खोड जुनीच आहे. डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६७७ मध्ये योहान हाम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आणून दिलेल्या नमुन्यात आणि नंतर स्वतःच्या वीर्यात शुक्राणू पाहिले, तेही एकाच लहानशा भिंगातून, आणि डोके व शेपटी त्याने बरोबर वर्णिली. पुढे १६९४ मध्ये हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस रेखाटला. आपण तो पाहिला असा त्या गृहस्थाचा दावा नव्हता. पाहता आलाच तर असा दिसेल, इतकेच त्याचे म्हणणे होते. पुरवणीतल्या मजकुराने तेवढीही पथ्ये पाळलेली नाहीत.

जिवंत शुक्राणू पाहण्यातली खरी अडचण त्याच्या लहानपणाइतकीच त्याच्या पारदर्शकपणाची आहे. रंजक घालावा तर पेशी मरते, न घालावा तर पाण्यात काच बुडवल्यासारखी ती दिसेनाशी होते. फ्रिट्स झर्निके यांनी शोधलेल्या कलाविरोध पद्धतीने ही अडचण बरीच दूर केली, आणि त्याबद्दल त्यांना १९५३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पेशीतून जाताना प्रकाशाच्या तरंगाला जो किंचित विलंब होतो, त्याचे रूपांतर ही पद्धत कमी-अधिक उजेडात करते. मात्र तिच्यात डोक्याभोवती एक उजळ कडे येते आणि कडेलगतचा बारकावा त्यात झाकला जातो. नोमार्स्की यांच्या व्यतिकरण पद्धतीत हे कडे नसते; त्यात डोके एका बाजूने उजेड पडलेल्या गोट्यासारखे उठावदार दिसते, आणि डोक्यातील पोकळीवजा ठिपके, ज्यांना रिक्तिका म्हणतात, स्पष्ट होतात. पण हा उठाव खरी उंची नव्हे. या पद्धतीच्या यंत्रातला प्रिझम दुसऱ्या बाजूला सरकवला की खळगा होता तेथे फुगवटा दिसू लागतो. शिवाय ही पद्धत प्लॅस्टिकच्या बशीत नीट चालत नाही, कारण प्लॅस्टिक स्वतःच ध्रुवित प्रकाशात गडबड करते. तिला काचेच्या तळाची बशी लागते. असे लहानसे तपशील जाहिरातीत कधी येत नाहीत, आणि खर्च नेमका तेथे वाढतो.

इस्राएलमधील बार-इलान विद्यापीठाच्या बेंजामिन बार्टूव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास हीच नोमार्स्की पद्धत वापरून, कॅमेरा आणि पडद्याच्या साहाय्याने ६,३०० पटींपर्यंत जाऊन, जिवंत शुक्राणूंच्या डोक्यांची पाहणी मांडली. ‘सहा हजार’ हा आकडा तेथून आलेला आहे. त्यातली भिंगांची वाढ शंभर-दीडशे पटींच्या घरातली, उरलेली सगळी कॅमेऱ्याची आणि पडद्याची. हे काम टाकाऊ होते असे मी मुळीच म्हणत नाही. पाऊण मायक्रोमीटरच्या आसपासची मोठी रिक्तिका प्रकाशाच्या मर्यादेत बसते, ती खरोखर दिसते, आणि डोळ्यांना ताण न देता पडद्यावर पाहता येणे ही सोय मोठीच आहे. प्रश्न पुढचा आहे: अशी निवड केल्याने मुले अधिक जन्मतात काय? वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात, या पद्धतीने जिवंत जन्मांचे प्रमाण वाढते असे ठरवण्याजोगा पुरावा आढळला नाही, आणि जो पुरावा होता त्याचा दर्जा फार कमी असल्याचे नमूद झाले. डोक्याची ठेवण नेटकी असली म्हणून आतला डीएनए अभंग असेलच असेही नाही. एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र ब्रुसेल्समध्ये १९९२ साली यशस्वी झाले, आणि मुंबईत केईएम रुग्णालयात त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, प्रयोगशाळेतील फलनातून मूल जन्मले. त्या वेळी सहा हजार पटीची भाषा कोणी ऐकलेलीही नव्हती.

आबेच्या मर्यादेखाली उतरणारे प्रकाशीय सूक्ष्मदर्शक आता आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांसाठी एरिक बेटझिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दहा-वीस नॅनोमीटरांपर्यंतचा बारकावा ते दाखवतात, आणि त्यांनी शुक्राणूविषयीची पाठ्यपुस्तके बदलायला लावली आहेत. मानवी शुक्राणूच्या मानेतील दोन सेंट्रिओलांपैकी (सूक्ष्मनलिकांची बनलेली इवली नळकांडी) डोक्यापासून दूरचा सेंट्रिओल झिजून निकामी होतो असे आम्ही शिकलो होतो. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की तो नाहीसा होत नाही, त्याच्या नलिका पंख्यासारख्या फाकतात आणि फलनानंतर तो गर्भपेशीत काम करतो. हे वाचले त्या दिवशी मला झोप लागली नव्हती, कारण ज्या मानेकडे मी इतकी वर्षे ‘वाकडी’ किंवा ‘सरळ’ एवढेच लिहीत आले, तिच्यात एवढे घडत होते. पण या पद्धतीत सहसा पेशी स्थिर करून, तिच्यातील ठरावीक प्रथिनांना चमकणारी प्रतिद्रव्ये चिकटवून पाहतात. असा शुक्राणू अभ्यासाला सोने आहे, उपचाराला त्याचा उपयोग शून्य. संशोधनाची यंत्रे आणि उपचाराची यंत्रे एका वाक्यात गुंफून वाचकापुढे ठेवली, तर वाचकाने वेगळे कसे करावे?

आता आमच्या किनारपट्टीविषयी थोडे, कारण पट वाढवण्याच्या नादात ज्या साध्या गोष्टी बिघडतात त्या येथे अधिक बिघडतात. मृगाच्या आधी घरोघरी जशी आगोटीची तयारी होते, तशी प्रयोगशाळेत आमची भिंगांची होत असे. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत भिंगाच्या लेपावर कोळिष्टकासारखी बुरशी धरते, आणि एकदा ती आत शिरली की पुसून जात नाही. म्हणून वस्तुभिंगे काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आत बल्ब पेटता ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवायची; निळे खडे ओल शोषून गुलाबी झाले की तव्यावर परतून पुन्हा निळे करायचे. तेलही जपावे लागते, कारण पूर्वी वापरात असलेले सीडरवूडचे तेल भिंगावर राहिले तर घट्ट होऊन बसे.

एका जुलैत घडलेली माझी चूक येथे सांगते. एका तरुणाच्या काचपट्टीवर जवळजवळ प्रत्येक डोक्यात मला चमकदार ठिपके दिसले आणि मी ते रिक्तिका म्हणून मोजले. अहवालात ‘बहुसंख्य डोक्यांत रिक्तिका’ असे लिहूनही टाकले. दुपारी त्याच बाटलीतील मिथेनॉलने स्थिर केलेली रक्ताची काचपट्टी पाहायला घेतली, तर लाल पेशींतही तसेच चकाकणारे ठिपके! मिथेनॉलच्या बाटलीचे झाकण सैल राहिले होते आणि त्याने हवेतली ओल ओढून घेतली होती. नवी बाटली फोडून उरलेल्या नमुन्याची दुसरी काचपट्टी केली, तेव्हा ठिपके नाहीसे झाले. अहवाल घेऊन तो तरुण एसटी स्थानकावर पोहोचला होता. आमच्या शिपायाने सायकलवरून जाऊन त्याला परत आणले. सहा हजार पटीचे यंत्र असते तर तेच ठिपके मला सहापट मोठे दिसले असते आणि मी सहापट खात्रीने चुकले असते.

नमुना पोहोचवण्याचेही तसेच. वीर्य शरीराबाहेर आल्यावर ३० मिनिटांनी, आणि उशिरात उशिरा तासाभरात तपासावे, तोवर ते २० ते ३७ अंश तापमानात राहावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची नियमपुस्तिका सांगते. आमच्याकडे लांबच्या वाडीवरून दीड-दीड तासाचा प्रवास करून बाटल्या येत, बहुधा आपल्याच दैनिकाच्या कागदात गुंडाळलेल्या, आणि बाईमाणसाच्या हाती देण्याचा संकोच म्हणून खिडकीत ठेवून माणूस बाहेर जाऊन उभा राही. तासानंतरच्या नमुन्यात हालचाल मंदावलेली दिसते, ती पुरुषाचा दोष म्हणून अहवालात उतरते, आणि मग मुंबईच्या वाऱ्या सुरू होतात.

सर्वांत अधिक रडवणारा आकडा योग्य ठेवणीच्या, म्हणजे ‘नॉर्मल’ शुक्राणूंच्या चार टक्क्यांचा आहे. ‘तीन टक्के नॉर्मल म्हणजे मॅडम, सत्त्याण्णव टक्के मेलेले काय?’ असे एका खलाशाने मला विचारले होते. उत्तर असे की ठेवणीचा आणि जिवंतपणाचा संबंध नाही. आरोग्य संघटनेने २०१० मध्ये जी ४ टक्क्यांची खालची मर्यादा दिली, ती ज्यांच्या पत्नींना वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांच्या मोजणीतून काढलेली आहे. त्यांतील ५ टक्के बाप या मर्यादेखालीच होते. शिवाय २०० शुक्राणू मोजले तर ४ टक्के म्हणजे अवघे आठ. आठाच्या जागी सहा किंवा दहा भरणे हा निव्वळ योगायोगाचा खेळ असू शकतो, म्हणूनच २०० ची मोजणी दोनदा करून ताडून पाहायची असते. रंजकही डोक्याचे माप बदलतो: पॅपनिकोलाउने डोके थोडे आक्रसते, झटपट रंजकाने फुगते. त्यातच शुक्राणू तयार होण्यास सत्तरहून अधिक दिवस लागतात, त्यामुळे लावणीच्या दिवसांत मोठा ताप येऊन गेलेल्या माणसाची काचपट्टी नवरात्राच्या सुमारासही बिघडलेली दिसू शकते. एका काचपट्टीवर कोणाच्या बापपणाचा निकाल लावू नये.

आपणांस विनंती एवढीच की अशा मजकुराबरोबर जे चित्र छापाल, त्याखाली ते कोणत्या सूक्ष्मदर्शकाने घेतले, पेशी जिवंत की स्थिर केलेली, रंग खरे की भरलेले, हे एका ओळीत द्यावे आणि चित्रावर मायक्रोमीटरची मापपट्टी असावी. ‘पट’ हा आकडा छापील पानावर निरर्थकच असतो, कारण चित्र दोन स्तंभांचे केले की चार स्तंभांचे, यावर तो बदलतो. मापपट्टी चित्राबरोबर लहान-मोठी होते आणि खरे बोलते. जिल्ह्यातील प्रयोगशाळाचालकांनीही अहवालावर रंजकाचे नाव, भिंग, मोजलेल्या शुक्राणूंची संख्या आणि नमुना मिळाल्याची वेळ लिहावी. त्याला एक ओळ लागते, पैसा लागत नाही.

शेजारच्या वाडीतले ते दांपत्य परवा माझ्याकडे येऊन गेले. तिच्या तपासण्यांची जाडजूड फाइल होती. त्याची एकही साधी वीर्यतपासणी झालेली नाही. येत्या सोमवारी तो तालुक्यातच, प्रयोगशाळेत जाऊन नमुना देणार आहे. पुरवणीतले चित्र कापून त्याने पाकिटात ठेवले होते. त्यातल्या एका डोक्याच्या लांबीएवढी रेघ मी पेन्सिलीने त्याच्याशेजारी ओढली आणि वर लिहिले: अंदाजे साडेचार मायक्रोमीटर.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
रत्नागिरी